रिपोर्ट चार, साक्षीदार एक: विंडोजची जुनी-नवी तपासणी साधनं वापरताना

टेबलावर दोन मशीन शेजारी-शेजारी ठेवली होती. डावीकडे २०१२च्या सुमाराचा असेंबल केलेला डेस्कटॉप: ३२ बिटचं विंडोज ७, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क. उजवीकडे विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती असलेला लॅपटॉप: दोन स्लॉट मिळून १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, ६ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड. दोन्हींचा पूर्ण रिपोर्ट काढायचा होता. आत काय बसवलंय, त्यातलं किती झिजलंय आणि कुठे अडतंय, एवढं त्यातून कळायला हवं होतं. पेनड्राइव्हवर एक जुनी बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालवायच्या कमांडची फाइल, होती. डबल क्लिक केलं की ती मशीनच्या नावाची टेक्स्ट फाइल तयार करून ठेवते. डेस्कटॉपवर ती नेहमीसारखी चालली. लॅपटॉपवरही काळी विंडो क्षणभर दिसली, बंद झाली आणि फाइल तयार झाली. फाइलचा आकार मात्र ० केबी.

कारण साधं होतं. त्या बॅच फाइलमधली प्रत्येक ओळ 'डब्ल्यूमिक' या कमांडवर उभी होती. ही कमांड २००१मध्ये विंडोज एक्सपीबरोबर आली. विंडोज १०च्या २१एच१ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती मोडीत काढायचं जाहीर केलं. विंडोज ११च्या २४एच२मध्ये ती मुळात चालू नसते, ऑप्शनल फीचर्समधून मुद्दाम घालावी लागते. २५एच२वर अपग्रेड केलं की असलेलीही काढली जाते. कमांड सापडली नाही की तसा संदेश येतो, पण तो स्क्रीनवर जातो, फाइलमध्ये नाही. फाइल तर 'मोठ्यापेक्षा' या चिन्हाने आधीच उघडून ठेवलेली असते. म्हणून रिकामी फाइल मागे राहते आणि घाईत असलेल्या माणसाला रिपोर्ट निघाला असं वाटतं. बॅच फाइल चालवल्यावर पहिलं काम फाइलचा आकार बघणं.

इथे एक घोटाळा हमखास होतो. डब्ल्यूमिक गेली म्हणजे डब्ल्यूएमआय गेलं, असा समज होतो. पळी गेली, पातेलं जागेवरच आहे. डब्ल्यूएमआय हा विंडोजमधला माहितीचा साठा. डब्ल्यूमिक ही त्यातून माहिती काढायची एक कमांड. पॉवरशेल या विंडोजच्या नव्या कमांड-साधनातली 'गेट-सिमइन्स्टन्स' त्याच साठ्यातून तीच माहिती काढते, आणि तारखा नीट तारखा म्हणून देते. डब्ल्यूमिकमध्ये बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची) तारीख वर्ष, महिना, दिवस सगळं चिकटवून आणि पुढे शून्यांची रांग लावून येते. डेस्कटॉपवर मात्र विंडोज ७बरोबर आलेलं पॉवरशेल २.० होतं. त्यात गेट-सिमइन्स्टन्स नाही, ती ३.०पासून. तिथे 'गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट' वापरावी लागते. ही जुनी कमांड विंडोज ११मधल्या पॉवरशेल ५.१मध्येही चालते, पण वेगळं बसवलेल्या पॉवरशेल ७मध्ये नाही. दोन्ही पिढ्यांवर एकच स्क्रिप्ट चालवायची असेल तर आज तरी गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट हाच समान दुवा आहे.

साधनांची नावं बदलली तरी आकडा कुठून उचलला जातोय ते आधी बघावं, कारण जुनं की नवं हा वाद तिथेच निकालात निघतो. सिस्टिमइन्फो, एमएसइन्फो३२, डब्ल्यूमिक आणि गेट-सिमइन्स्टन्स ही चार साधनं बायोस, मदरबोर्ड, रॅम यांच्याबद्दल बहुतेक सगळं डब्ल्यूएमआयमधूनच घेतात. डब्ल्यूएमआय ते मदरबोर्ड बनवणाऱ्याने भरलेल्या एसएमबायोस नावाच्या तक्त्यातून उचलतं. तो तक्ता चुकीचा भरलेला असेल तर चारही साधनं एकच चूक चार पद्धतीने छापतात. डेस्कटॉपचं मॉडेल विचारलं (गेट-सिमइन्स्टन्सच्या जागी तिथे गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट) तर चारही ठिकाणी 'टू बी फिल्ड बाय ओईएम', म्हणजे बनवणाऱ्याने भरायचं, एवढंच आलं. असेंबल मशीनमध्ये हे नेहमीचं. तो रकाना कारखान्यात कोणी भरलेलाच नसतो. चार साधनांचा आकडा जुळला म्हणून तो पक्का धरणं चूक आहे. जबान्या चार, साक्षीदार एक. दुसरा साक्षीदार हवा असेल तर थेट त्या भागाशी बोलणारं साधन लागतं: रॅमच्या पट्टीवरची चिप वाचणारं, डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी, म्हणजे स्मार्ट, वाचणारं, बॅटरीच्या कंट्रोलरला विचारणारं.

रिपोर्ट काढण्याआधीच्या दोन गोष्टी. मशीन उघडण्यापूर्वी, एकही ड्रायव्हर बदलण्यापूर्वी पहिला रिपोर्ट काढायचा. नंतर काढला तर आपण काय बिघडवलं आणि आधीच काय बिघडलं होतं ते वेगळं करता येत नाही. दुसरं, 'शट डाउन' करून मशीन चालू केलं म्हणजे विंडोज नव्याने चालू झालं असं नाही. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आलं. त्यात शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुन्हा तोच उचलला जातो. लॅपटॉप आदल्या रात्री बंद केलेला होता, तरी सिस्टिमइन्फोमध्ये बूटची वेळ ११ दिवसांपूर्वीची दिसत होती. असा लॅपटॉप एकदा रिस्टार्ट करावा लागतो. हा नियम उलटा वाटतो, पण नव्या मशीनवर रिस्टार्टच खरा.

मग एमएसइन्फो३२. रनमध्ये नाव टाइप केलं की दोन्ही मशीनवर तीच विंडो उघडते, जवळपास त्याच मांडणीत. फाइल मेनूतून एक्सपोर्ट केलं की टेक्स्ट मिळतं, सेव्ह केलं की एनएफओ फाइल. ही एनएफओ दुसऱ्या मशीनवर त्याच झाडासारख्या मांडणीत उघडते, म्हणून लांबून तपासणाऱ्याला पाठवायला तीच बरी. कमांडवरून काढायचा असेल तर एमएसइन्फो३२पुढे स्लॅश रिपोर्ट आणि फाइलचं नाव. वेळ लागतो, फिरत्या डिस्कवर चार-पाच मिनिटं धरून चालावं. मधेच विंडो बंद केली तर रिपोर्ट पूर्ण होत नाही.

टेक्स्ट फाइल निघाली, नोटपॅडमध्ये नीट दिसली, पण 'फाइंडस्ट्र' कमांडने त्यात 'बायोस' शोधलं तर एकही ओळ मिळाली नाही. ही फाइल यूटीएफ-१६मध्ये लिहिलेली असते, म्हणजे प्रत्येक अक्षराला दोन बाइट, आणि फाइंडस्ट्रला ते वाचता येत नाही. 'टाइप' कमांडने फाइल छापून ती पाइपमधून (दोन कमांडमधल्या उभ्या रेघेने) फाइंडस्ट्रला दिली की ओळी सापडतात. हीच गाठ पॉवरशेलमध्येही आहे. ५.१मध्ये 'मोठ्यापेक्षा' चिन्हाने फाइलमध्ये वळवलेला मजकूर यूटीएफ-१६ होतो, ७मध्ये यूटीएफ-८. एकाच फाइलला आधी सीएमडीमधून (जुन्या कमांड विंडोतून) आणि मग पॉवरशेल ५.१मधून जोड दिली तर अर्धी फाइल सरळ आणि अर्धीत प्रत्येक अक्षरानंतर पोकळी दिसते. उपाय एकच: प्रत्येक साधनाची फाइल वेगळी ठेवायची.

एमएसइन्फो३२मध्ये जुन्या-नव्याचा फरक पहिल्याच पानावर आहे. विंडोज ११वर 'बायोस मोड' आणि 'सिक्युअर बूट स्टेट' या ओळी असतात. विंडोज ७वर त्या नाहीत. नव्या मशीनवर बायोस मोडपुढे 'लेगसी' लिहिलेलं असेल तर डिस्क जवळजवळ नक्की जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली असते, आणि विंडोज ११च्या अटी पूर्ण करायच्या तर ती जीपीटीमध्ये बदलावी लागते. त्यासाठी एमबीआर२जीपीटी ही कमांड विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून आहे. आधी तिच्या 'व्हॅलिडेट'ने तपासायचं, मग बदलायचं; आणि डेटाचा बॅकअप त्याच्याही आधी.

त्याच विंडोत कॉम्पोनंट्सखाली 'प्रॉब्लेम डिव्हायसेस' आहे. बहुतेक लोक तिथे जातच नाहीत, आणि रिपोर्टमधला सर्वांत उपयोगी भाग तोच. डेस्कटॉपवर तिथे एक ओळ होती, कोड २८. म्हणजे ड्रायव्हरच बसवलेला नाही. कोड १० असेल तर ड्रायव्हर आहे पण भाग चालू होत नाही. कोड ४३ म्हणजे भागाने स्वतःच बिघाड कळवला. यूएसबीच्या बाबतीत अनेकदा केबल किंवा हब, ग्राफिक्स कार्डच्या बाबतीत अनेकदा कार्डच. दुरुस्ती कुठून सुरू करायची ते या तीन आकड्यांवरून बऱ्याच अंशी ठरतं.

सिस्टिमइन्फो कमांड झटपट आहे, दोन्हीकडे चालते आणि फोनवर कोणाला सांगायला सोपी. पण तिच्या तीन ओळी जपून वाचाव्यात. 'ओरिजिनल इन्स्टॉल डेट' ही मशीनची जन्मतारीख नाही. विंडोज १० आणि ११मध्ये मोठा अपडेट झाला की ती तारीख बदलते. मशीनचं वय बायोसच्या तारखेवरून जवळपास कळतं. दुसरी गोष्ट तारखेच्या मांडणीची. ०३-०४-२०२१ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे त्या मशीनच्या रीजन सेटिंगवर अवलंबून. भारतात विकलेली बरीच मशीनं अमेरिकी सेटिंगवरच राहिलेली असतात, म्हणून त्या मशीनचं रीजन सेटिंग आधी बघायचं. तिसरी गोष्ट आपल्याकडची. मालकाचं नाव देवनागरीत टाकलेलं असेल तर सिस्टिमइन्फोचं उत्तर फाइलमध्ये वळवताना तिथे प्रश्नचिन्हं येतात. सीएमडी जुन्या कोडपेजवर, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या तक्त्यावर, चालतं आणि मराठीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेजच नाही. नाव बिघडलेलं नसतं. तीच माहिती पॉवरशेलने डब्ल्यूएमआयमधून काढून यूटीएफ-८मध्ये लिहिली की नाव नीट उमटतं.

आता 'गेट-कॉम्प्युटरइन्फो'. पॉवरशेल ५.१बरोबर आलेली ही कमांड एका दमात शंभरावर रकाने देते. सिस्टिमइन्फोची नवी पिढी म्हणून तीच वापरा असा सल्ला सगळीकडे मिळतो. लॅपटॉपवर चालवली आणि 'विंडोजप्रॉडक्टनेम'पुढे आलं विंडोज १०. मशीन विंडोज ११च आहे. हा रकाना रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) 'प्रॉडक्टनेम'मधून येतो, आणि विंडोज ११ आलं तरी रजिस्ट्रीतली ती ओळ विंडोज १०च राहिली. त्याच उत्तरात खाली 'ओएसनेम' हा रकाना आहे. तो डब्ल्यूएमआयमधून येतो आणि विंडोज ११ असं बरोबर सांगतो. म्हणजे नव्या साधनाच्या एकाच रिपोर्टमध्ये एकमेकांना खोटं पाडणाऱ्या दोन ओळी. जुनं सिस्टिमइन्फो इथे बरोबर ठरतं. शंका आली की नाव सोडून बिल्ड नंबर बघायचा: २२००० किंवा त्यापुढे असेल तर विंडोज ११.

उलट बाजूची चूक बाहेरच्या कंपन्यांच्या जुन्या साधनांत दिसते. २०१३च्या आधीचं एखादं माहिती काढणारं सॉफ्टवेअर विंडोज १० किंवा ११वर चालवलं तर ते बिनदिक्कत 'विंडोज ८' किंवा '६.२' लिहून मोकळं होतं. विंडोज ८.१पासून आवृत्ती विचारणाऱ्या जुन्या फंक्शनला, प्रोग्रॅमने आपण नव्या विंडोजसाठी तयार आहोत असं जाहीर केलं नसेल तर, ६.२ हेच उत्तर मिळतं. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे.

गेट-कॉम्प्युटरइन्फोबद्दल आणखी एक. ५.१मध्ये बायोसच्या सीरियल नंबरच्या रकान्याच्या नावात स्पेलिंगची चूक आहे, 'सीरियल'मधला आय हे अक्षरच गळलंय. बरोबर स्पेलिंगने मागितलं तर उत्तर रिकामं येतं आणि नंबर नाही असा समज होतो. नावाच्या सुरुवातीला 'बायोस' आणि पुढे तारांकन टाकून सगळे बायोसचे रकाने मागवले की अडत नाही.

रॅमवर जरा जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा, कारण रॅम वाढवायची की नाही याचा खर्च याच आकड्यांवर ठरतो. डेस्कटॉपच्या एमएसइन्फो३२मध्ये बसवलेली रॅम ४ जीबी आणि वापरता येणारी सव्वातीन जीबीच्या आसपास दिसली. पट्टी खराब नाही. ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीच्या पत्त्यांतच ग्राफिक्स आणि इतर भागांनाही जागा द्यावी लागते. तिथे आणखी ४ जीबीची पट्टी घालून काही उपयोग नाही. लॅपटॉपवर डब्ल्यूएमआयला रॅमचा प्रकार विचारला तर 'मेमरीटाइप'ने ० दिलं, म्हणजे माहीत नाही. हा जुना रकाना आहे. त्याच्या शेजारी 'एसएमबायोसमेमरीटाइप' हा नंतर आलेला रकाना आहे, त्यात २६ होतं. २४ म्हणजे डीडीआर३, २६ म्हणजे डीडीआर४, ३४ म्हणजे डीडीआर५. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट्स पहिला रकाना छापतात आणि सगळ्या नव्या मशीनवर 'अननोन' लिहितात.

वेगाचेही दोन रकाने आहेत. 'स्पीड' म्हणजे पट्टी किती वेगाने चालू शकते, 'कॉन्फिगर्डक्लॉकस्पीड' म्हणजे आत्ता किती वेगाने चालते आहे. लॅपटॉपमध्ये एका पट्टीचा स्पीड ३२००, दुसरीचा २६६६, आणि दोन्हींचा चालू वेग २६६६. वेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र घातल्या की दोन्ही संथ पट्टीच्या चालीने चालतात. एक पट्टी नंतर घातलेली असावी, हा अंदाज तिथेच आला. विंडोज ७वर हे नवे रकाने नाहीत. तिथे सीपीयू-झेडसारखं साधन लावायचं; ते पट्टीवरची एसपीडी चिप वाचतं, म्हणून हा खरोखरचा दुसरा साक्षीदार. त्यातल्या 'मेमरी' टॅबवरचा वेग डीडीआरमध्ये अर्धा दिसतो: २६६६च्या पट्टीसाठी १३३३. दुप्पट करून वाचायचा.

ग्राफिक्स कार्डचा आकडा हा जुन्या साधनाची मर्यादा कशी दिसते त्याचं उत्तम उदाहरण आहे. लॅपटॉपमध्ये ६ जीबीचं कार्ड, पण डब्ल्यूएमआयच्या 'अ‍ॅडॅप्टररॅम'मध्ये ४,२९,३९,१८,७२० बाइट. कार्डवरची मेमरी कमी झालेली नाही. तो रकाना ३२ बिटचा आहे, त्यात ४ जीबीच्या वर मावतच नाही. हाच आकडा एमएसइन्फो३२मध्ये काही वेळा कंसात १०,४८,५७६ बाइट असा येतो आणि लोक घाबरतात: एवढ्या मोठ्या कार्डवर १ एमबी? कंस म्हणजे वजा, हिशेबाच्या वहीतल्यासारखा. ३२ बिटचा आकडा चिन्हासहित वाचला की ४ जीबीला १ एमबी कमी हा आकडा वजा १ एमबी होतो. ४,२९,४९,६७,२९६मधून १०,४८,५७६ वजा करून बघावं, वरचाच आकडा मिळतो. खरी मेमरी डीएक्सडायग या विंडोजच्याच ग्राफिक्स तपासणाऱ्या साधनात बघायची. आताच्या डीएक्सडायगमध्ये 'डेडिकेटेड मेमरी' आणि 'शेअर्ड मेमरी' वेगळ्या ओळींत असतात. लॅपटॉपवर डेडिकेटेड ६ हजार एमबीच्या आसपास होती. 'डिस्प्ले मेमरी' ही दोन्हींची बेरीज असते. सेकंडहँड मशीन विकताना काही जण तोच मोठा आकडा दाखवतात, म्हणून घेणाऱ्याने डेडिकेटेडचीच ओळ मागावी.

डीएक्सडायगमधल्या पहिल्या पानावरच्या डायरेक्टएक्स १२वरही जाऊ नये. ती विंडोजची आवृत्ती. कार्डाची कुवत 'फीचर लेव्हल्स'च्या ओळीत. आणि 'सेव्ह ऑल इन्फर्मेशन'ने निघालेल्या टेक्स्ट फाइलच्या अगदी तळाशी एररच्या नोंदी असतात, तिथपर्यंत स्क्रोल करावं. तिथे 'लाइव्हकर्नलइव्हेंट' आणि १४१ किंवा ११७ दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा कार्ड वेळेत उत्तर देत नाही. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते अशी तक्रार असेल तर पहिला पुरावा इथे सापडतो. एक्सपीच्या डीएक्सडायगमध्ये चित्र फिरवून दाखवणारी चाचणीची बटणं होती. व्हिस्टापासून ती गेली, रिपोर्ट उरला.

डिस्कच्या बाबतीत मात्र जुनं साधन सरळ धोक्याचं आहे. डेस्कटॉपवर डब्ल्यूमिकला डिस्कचं स्टेटस विचारलं, उत्तर आलं 'ओके'. तीच डिस्क स्मार्टमॉनटूल्स संचातल्या स्मार्टसीटीएलने, म्हणजे स्मार्टच्या नोंदी वाचणाऱ्या कमांडने, वाचली तर १९७ क्रमांकाच्या नोंदीत २४ होते, म्हणजे २४ सेक्टर वाचताना अडतायत आणि त्यांचा निकाल लागलेला नाही. दोन्ही बरोबर आहेत. स्टेटस तेव्हाच 'प्रेड फेल' (लवकरच बिघडेल) होतं, जेव्हा एखादी नोंद बनवणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेखाली जाते, आणि १९७ची मर्यादा बऱ्याच डिस्कमध्ये ०च ठेवलेली असते. म्हणजे तो इशारा कधी येणारच नाही. ५, १९७ आणि १९८ या तीन नोंदींचे मूळ आकडे बघायचे. शून्यापेक्षा जास्त असतील तर आधी डेटा बाहेर काढायचा, मग पुढची तपासणी. १९९ वाढलेला असेल तर डिस्क बदलण्याची घाई नको. तो केबलवरच्या चुकांचा हिशेब आहे. साटा केबल बदलायची, आकडा लिहून ठेवायचा, आठवड्याने पुन्हा बघायचा. तो खाली कधी येत नाही, फक्त वाढायचा थांबला पाहिजे.

लॅपटॉपच्या एनव्हीएमईवर या क्रमांकांच्या नोंदी नसतातच. त्यांचा आरोग्याचा तक्ता वेगळा आहे. म्हणून जुन्या आवृत्तीचं साधन इथे एकतर डिस्क दाखवत नाही किंवा रिकामं पान देतं. स्मार्टमॉनटूल्समध्ये एनव्हीएमईचा पाठिंबा २०१६च्या ६.५ आवृत्तीपासून आला. पॉवरशेलमध्ये 'गेट-फिजिकलडिस्क'चं उत्तर पाइपमधून 'गेट-स्टोरेजरिलायबिलिटीकाउंटर'ला दिलं की तापमान, झीज, चालू तास मिळतात. अ‍ॅडमिन म्हणून उघडलं नसेल तर आकडे मिळत नाहीत. त्यातल्या 'वेअर'मध्ये १२ होतं. हे १२ टक्के उरलं असं नाही, १२ टक्के वापरून झालं. स्मार्टसीटीएलही 'पर्सेंटेज यूज्ड' १२ असंच सांगतं. पण क्रिस्टलडिस्कइन्फो आणि विंडोज ११च्या सेटिंग्जमधलं ड्राइव्ह हेल्थ उरलेलं आयुष्य दाखवतात, म्हणजे तिथे ८८. एका रिपोर्टमध्ये १२ आणि दुसऱ्यात ८८ बघून डिस्क दोन दिवसांत कशी सुधारली असा प्रश्न हमखास येतो. 'डेटा युनिट्स रिटन'चं एक युनिट ५,१२,००० बाइटचं. २ कोटी युनिट म्हणजे १०.२४ टीबी लिहून झालं.

यूएसबी कॅडीत (बाहेरून जोडायच्या डबीत) घातलेली डिस्क असेल तर कॅडीतली चिप मध्ये येते. काही चिप स्मार्टचे प्रश्न पुढे पाठवतच नाहीत. रिकामं उत्तर आलं की डिस्क थेट साटावर लावून पुन्हा वाचायची.

बॅटरीचा रिपोर्ट हे नव्या साधनाने निखालस जिंकलेलं ठिकाण. विंडोज ७च्या लॅपटॉपवर पॉवरसीएफजी स्लॅश एनर्जी एवढंच होतं: अ‍ॅडमिन म्हणून चालवायचं, ६० सेकंद मशीनला हात लावायचा नाही, मग निघालेल्या एचटीएमएल फाइलच्या तळाशी मूळ क्षमता आणि शेवटचं पूर्ण चार्जिंग या दोन ओळी शोधायच्या. विंडोज ८पासून स्लॅश बॅटरीरिपोर्ट आलं आणि क्षमतेचा आठवड्यागणिक इतिहासही मिळू लागला. समोरच्या लॅपटॉपची मूळ क्षमता ४२,००० मिलीवॉट-अवर, आजची २९,४००. म्हणजे ७० टक्के. महत्त्वाचा भाग इतिहासाचा. क्षमता दोन वर्षांत हळूहळू उतरली असेल तर ते वय. एका आठवड्यात दहा हजारांनी पडली असेल तर एखादा सेल गेला, आणि फुगवटा आहे का ते मागचं झाकण उघडून बघावं. 'सायकल काउंट'पुढे बऱ्याच लॅपटॉपवर रेघ किंवा ० असतं, बॅटरीचा कंट्रोलर तो आकडा देतच नाही. तो शून्य दाखवून बॅटरी नवी आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. फाइल कुठे गेली हे सापडत नसेल तर ज्या फोल्डरात कमांड प्रॉम्प्ट उघडला तिथे बघायचं. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेला असेल तर ते सिस्टिम३२ असतं.

सॉफ्टवेअरची यादी काढायची जुनी सवय बंदच करावी. डब्ल्यूमिक प्रॉडक्ट किंवा डब्ल्यूएमआयचा 'विन३२_प्रॉडक्ट' विचारला की विंडोज नुसती यादी देत नाही, एमएसआयने (विंडोजच्या इन्स्टॉलरने) बसवलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर तपासतं आणि काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्तही करायला जातं. मशीन दहा मिनिटं अडकतं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०३५ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागते, आणि ज्या मशीनची मूळ अवस्था टिपायची होती तीच आपण बदलून बसतो. रजिस्ट्रीतल्या 'अनइन्स्टॉल' कीमधून यादी काढायची. ६४ बिटच्या विंडोजवर ती दोन जागी असते, दुसरी 'वॉव६४३२नोड'खाली.

विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हापासून बहुतेक रिपोर्ट एकाच प्रश्नासाठी मागितले जातात: हे मशीन ११वर जाईल का. त्यासाठीचं पीसी हेल्थ चेक जून २०२१मध्ये आलं तेव्हा फक्त 'चालणार नाही' म्हणायचं, कारण सांगायचं नाही. ते मागे घेतलं गेलं आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या आवृत्तीने प्रत्येक अट वेगळी दाखवायला सुरुवात केली. अडकलेली अट टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) असेल तर मशीन टाकून देण्याआधी बायोसमध्ये जाऊन बघावं: इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने तो असतो आणि अनेकदा नुसता बंद असतो.

रॅमची खोल तपासणी करायची तर मेमटेस्ट८६ प्लसची ५.०१ असलेली जुनी सीडी डेस्कटॉपवर अजून चालते, पण यूईएफआयवाल्या (बायोसची नवी पिढी असलेल्या) लॅपटॉपवर ती बूटच होत नाही. त्यासाठी २०२२ची ६.०० किंवा पुढची आवृत्ती पेनड्राइव्हवर. किमान एक पूर्ण फेरी होऊ द्यायची. १६ जीबीला तास-दीड तास सहज जातो. एक जरी लाल ओळ आली तरी पट्ट्या एकेक करून पुन्हा तपासायच्या.

शेवटी फोल्डरात जमल्या त्या फाइल अशा: एमएसइन्फोची एनएफओ, सिस्टिमइन्फोची टेक्स्ट, डीएक्सडायगची टेक्स्ट, स्मार्टसीटीएलची टेक्स्ट, लॅपटॉपसाठी बॅटरीचं एचटीएमएल. प्रत्येकाच्या नावात मशीनचं नाव आणि वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने तारीख, म्हणजे तीन महिन्यांनी काढलेला दुसरा रिपोर्ट आपोआप खाली लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याआधी एनएफओमध्ये युजरचं नाव, कॉम्प्युटरचं नाव, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता आहे हे मालकाला सांगायचं. नको असेल तर एनएफओऐवजी टेक्स्ट काढून त्या ओळी पुसायच्या, आणि मूळ फाइल मालकाच्याच पेनड्राइव्हवर ठेवायची.